उत्तर वर की खाली

जावकसाहेबांनी मंडळाला पाठवलेली पहिली मेल अवघी चार ओळींची होती आणि तिच्यात भांडण व्हावं असं काहीही नव्हतं. 'मोजा विणतो आहे. घोट्यापर्यंत पोचलो आहे. टाच कशी वळवावी ते कळत नाही. कृपया मार्गदर्शन व्हावे.' खाली नाव आणि नावाखाली, एकतीस वर्षांच्या सवयीने, 'माजी प्रमुख, आवक-जावक विभाग'. या शेवटच्या ओळीमुळेच मंडळात त्यांना जावकसाहेब हे नाव पडलं आणि ते इतकं चिकटलं, की पुढे त्यांची बायकोसुद्धा रागात असली की तेच वापरायला लागली.

आवक-जावक विभागाच्या माजी प्रमुखाने मोजे विणण्यामागचं कारण वैद्यकीय होतं. बल्ब बदलताना ते स्टुलावरून पडले, डावं मनगट मोडलं, आणि प्लास्टर काढलं तेव्हा हात आपलाच होता, पण बोटं कुणीतरी लाकडाची करून बसवल्यासारखी झाली होती. फिजिओथेरपीवाल्या मुलीने दाबायला एक रबरी चेंडू दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो कपाटावर ठेवून दिला. "दाबायचं, सोडायचं, आणि शेवटी हातात काही नाही. असलं काम मी नोकरीतसुद्धा केलं नाही," ते म्हणाले. याबाबत त्यांच्या कचेरीत दुमत असण्याचा संभव आहे, पण तो विषय इथे नको. बायकोने त्यांच्या हातात दोन सुया आणि करड्या लोकरीचा गुंडा ठेवला. चार महिन्यांत मफलर झाला. सुरुवातीला तो वीतभर रुंद होता आणि शेवटाला टॉवेलएवढा. पण बोटं हलायला लागली. टाके घालायचे, ओळी मोजायच्या, वहीत नोंद करायची, यात त्यांना आपला गेलेला विभाग परत मिळाल्यासारखं वाटत होतं.

मोजा मात्र टाचेपाशी अडला. बायकोला स्वेटर येत होते, मोजे येत नव्हते. शेजारी भूगोलाचे निवृत्त मास्तर राहत. त्यांना येत नाही असा विषय अजून निघायचा होता. त्यांनी मोजा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "टाच हवीच कशाला? सरळ नळी विणा. पाय आत गेला की टाच आपली आपण तयार होते. नद्या अशाच वळतात." जावकसाहेबांनी मोजा हळूच काढून घेतला. शेवटी दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीने फोनवरून एकेक बटण सांगत त्यांना 'टाके-उसवे' या मंडळाचं सभासद करून दिलं.

'टाके-उसवे' हा विणकाम करणाऱ्यांचा मेलवर चालणारा जुना गट. साडेतीनशे सभासद. एकाने पत्र लिहायचं, ते सगळ्यांना जायचं, ज्याला येत असेल त्याने उत्तर द्यायचं. एका मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाईंनी तो काढला होता आणि त्यांचा नियम एकच होता: जेवढं विचारलंय तेवढं सांगा. हा नियम साडेतीनशेंपैकी कुणीही पाळत नसे आणि सगळे सुखात होते.

जावकसाहेबांच्या प्रश्नाला तासाभरात बँकेतल्या एका बाईंनी नऊ पायऱ्यांचं सविस्तर उत्तर पाठवलं. पाचव्या पायरीपर्यंत सगळं सुरळीत होतं. सहावी काही केल्या डोक्यात शिरेना. त्यांनी 'उत्तर द्या'वर बोट दाबलं. कर्सर बाईंच्या पत्राच्या वर जाऊन उभा राहिला. जिथे उभा राहिला तिथे त्यांनी लिहिलं, 'आपले पत्र पोचले. सहावी पायरी उमगली नाही', पाठवून दिलं आणि ते चहाला बसले.

दहा मिनिटांत पत्र आलं. ते टाचेबद्दल नव्हतं.

'मंडळात नवीन दिसता,' अशी त्याची सुरुवात होती. 'उत्तर मूळ पत्राच्या वर लिहू नये, खाली लिहावे. वाचक वरून खाली वाचतो. आधी प्रश्न, मग उत्तर. शिवाय बाईंचे अख्खे पत्र सर्वांना पुन्हा पाठवण्याचे प्रयोजन नव्हते. हवे तेवढे ठेवून बाकीचे कापावे.' सही होती, 'ग्रंथपाल, निवृत्त'.

जावकसाहेबांनी ते तीनदा वाचलं. एकतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून गेलेला एकही कागद मांडणी चुकली म्हणून परत आला नव्हता. दुसऱ्यांचे परत पाठवण्यात मात्र त्यांचा हातखंडा होता.

"मला लिहायला शिकवते आहे," ते बायकोला म्हणाले.

"कोण?"

"कुणी ग्रंथपालबाई. उत्तर कुठे लिहायचं ते शिकवते आहे. मला."

"मग लिहा की खाली. तुम्हाला टाच हवी आहे ना?"

तत्त्वाचा प्रश्न आला की घरची माणसं नेमकं व्यवहाराचं बोलतात. जावकसाहेबांनी चष्मा पुसला आणि उत्तर लिहायला घेतलं. फाइलीत ताजा कागद नेहमी वर लावतात, त्यांनी लिहिलं. साहेबाने फाइल उघडली की आजचं काय ते आधी दिसलं पाहिजे. ज्याला मागचं हवं असेल त्याने पानं उलटत खाली जावं. हे सगळं त्यांनी मुद्दाम, आणि या वेळी पूर्ण शुद्धीवर असताना, ग्रंथपालबाईंच्या पत्राच्या वर लिहिलं.

ग्रंथपालबाईंनी उत्तर दिलं. ते खाली होतं. 'मंडळ म्हणजे तुमची फाइल नव्हे. पुस्तक शेवटच्या पानापासून कुणी वाचत नाही.'

संध्याकाळपर्यंत बावीस पत्रं झाली आणि आठवडाभरात शहाऐंशी. एक पक्ष वरच्यांचा पडला, एक खालच्यांचा. मग मधले निघाले. त्यांची पुढारी एक जनावरांची डॉक्टर होती. ती समोरच्याच्या प्रत्येक वाक्याखाली आपलं एकेक वाक्य घालायची, त्यामुळे गाय कुणाची आणि दुखणं कुणाचं हे शेवटपर्यंत कळत नसे. एकाने मागचं सगळं पुसून टाकून नुसतं 'हो' एवढंच पाठवलं. हे 'हो' नेमकं कशाला, यावर दोन दिवस खल झाला. एका गृहस्थांनी 'मला या गटातून काढा' असं साडेतीनशे जणांना कळवलं. त्यांना बाहेर कसं पडायचं ते सोळा जणांनी समजावलं, नऊ जणांनी वर आणि सात जणांनी खाली, आणि त्या धांदलीत ते गृहस्थ राहून गेले ते आजही आहेत. प्रत्येक पत्राच्या विषयात मात्र अजून 'उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: टाच' असंच येत होतं. टाचेचं नाव त्यानंतर कुणी काढलं नव्हतं.

भूगोलाच्या मास्तरांनी सगळं प्रकरण समजून घेतलं. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "एक सांगा त्या बाईंना. नकाशात उत्तर नेहमी वरच असतं."

जावकसाहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी मास्तरांना बसवून घेऊन तिथल्या तिथे ते मंडळाला कळवलं. ग्रंथपालबाईंचं उत्तर आलं: 'मग दक्षिणेकडच्यांनी काही विचारूच नये काय?' मास्तर गंभीर झाले. "बाई हुशार आहेत," ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी या विषयात सल्ला देणं थांबवलं.

अखेर मेट्रनबाईंनी हात घातला. 'वॉर्डात दोन नर्सेसचं पटत नसलं की मी त्यांना एकाच पाळीला लावायचे,' त्यांनी लिहिलं. 'तुम्हा दोघांना एवढं कळतं आहे, तर दोघांनी मिळून नियम करा. महिनाभरात द्या.'

झाली समिती. समितीत माणसं दोन आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार. ते वर लिहीत, त्या खाली लिहीत. प्रत्येक मजकूर दोन्ही टोकांना वाढत गेल्यामुळे तो मधून सुरू करून आलटून पालटून वर-खाली वाचावा लागे. तरीही काम झालं, आणि हे दोघेही मनातून कबूल करत होते की समोरचा माणूस कष्टाळू आहे. महिन्याअखेर त्रेचाळीस कलमांची नियमावली तयार झाली. मूळ भांडणाचा निकाल पहिल्याच कलमात होता: 'उत्तर वर अथवा खाली लिहावे, मात्र कुठे लिहिले आहे ते विषयात नमूद करावे.' बाकीच्या कलमांत मात्र दोघांनी हात मोकळा सोडला होता. सातवं कलम बाईंचं: विषय नसलेलं पत्र परत जाईल. आठवं साहेबांचं: विषय मोघम नसावा. बारावं दोघांचं: जुन्या पत्रांचं लटांबर मागे बांधून आणू नये.

नियम झाले म्हणजे ते कुणीतरी लावले पाहिजेत. पहिले काही आठवडे सगळी पत्रं आधी जावकसाहेबांकडे यावीत, त्यांनी तपासून पुढे सोडावीत, असं ठरलं. मेट्रनबाईंनी त्यांना मंडळाचा पासवर्ड दिला. जावकसाहेबांनी नवी लांब वही आणली, रकाने आखले, आणि रोज सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसू लागले. बायकोला भाजी दुसरीकडे चिरावी लागत होती. पण निवृत्तीनंतर नवऱ्याला शीळ घालताना ती पहिल्यांदाच ऐकत होती, म्हणून तिने चालवून घेतलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी एक पत्र आलं. विषयाची जागा कोरी होती आणि मजकुरात पूर्णविराम नव्हता. 'नमस्कार मी बसमध्ये कंडक्टर आहे सात नंबर स्टेशन ते मोठं हॉस्पिटल बाबांसाठी टोपी विणतेय चार सुयांवर अर्ध्यात टाके सुटले आणि खाली पळत चाललेत थांबत नाहीत काय करू कुणी सांगेल का'. जावकसाहेबांनी शेरा मारला, 'कलम सात अन्वये परत'. दुपारी तेच पत्र पुन्हा आलं. विषय होता, 'मदत'. कलम आठ अन्वये परत. मंगळवारी तिसऱ्यांदा आलं. 'टोपीचे टाके सुटले आहेत त्याबद्दल' असा विषय मात्र त्यांच्या मनासारखा होता. पण मागची दोन्ही पत्रं, वर साहेबांच्या शेऱ्यांसकट, त्याच्या शेपटीला तशीच लटकली होती. कलम बारा. परत. वहीत त्यांनी नोंद केली, 'सभासदास हळूहळू शिस्त लागत आहे'. बुधवारी सकाळी पत्र आलं नाही, तेव्हा त्यांनी पुढच्या रकान्यात 'प्रकरण निकाली' असं लिहिलं.

त्याच बुधवारी बायको टेबल पुसायला आली आणि स्क्रीनवर दिसलं ते वाचत उभी राहिली.

"हे काय हो?"

"परत केलेलं पत्र आहे. बारावं कलम."

"ते दिसलं मला. शेवटी काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"शेवटपर्यंत जायची वेळच आली नाही. वरूनच कळत होतं की..." आणि ते थांबले.

बायकोने स्क्रीनच्या कडेची पट्टी ओढून पान खाली नेलं. सगळ्या शेऱ्यांच्या, जुन्या पत्रांच्या तळाशी एक ओळ नवी होती. 'शुक्रवारी त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन आहे केस काढणार आहेत त्यांना थंडी सोसत नाही'.

"टाके सुटतायत म्हणते," बायको म्हणाली. "तीनदा म्हणते. तुम्ही तिला काय कळवलंत?"

जावकसाहेबांनी काय कळवलं होतं ते समोरच होतं. बायकोने फडकं उचललं आणि ती निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांनी घाईघाईने मंडळामार्फत कंडक्टरबाईंना पत्र लिहिलं: सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने कसा उचलायचा, ओळ कशी धरायची, सगळं. यंत्राने ते तत्काळ परत केलं. त्या पत्त्याचं कुणी आता मंडळाचं सभासद नव्हतं. तिचा स्वतःचा पत्ता पत्रात कुठे असतो हे त्यांना माहीत नव्हतं. मुलीला फोन लावला तर ती मीटिंगमध्ये होती.

मग त्यांनी पहिल्यांदाच कलमांच्या कामाखेरीज ग्रंथपालबाईंना एक पत्र पाठवलं. घडलं ते सगळं लिहिलं, ती सात नंबर आपल्याच गावातली, घराजवळून जाणारी असावी असंही लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, 'चूक माझी आहे.' ते वर लिहिलं की खाली, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

तीन मिनिटांत उत्तर आलं. 'सातवं कलम माझं होतं. सात नंबरची बस माझ्याही दारावरून जाते, जुन्या वाचनालयाच्या स्टॉपला. उद्या सकाळी आठला डेपोत या.'

जावकसाहेब त्या ओळीकडे बघतच राहिले. समुद्रापलीकडच्या कुणाशी तरी भांडावं तसे दोन महिने ते या बाईशी भांडले होते, आणि त्या चार स्टॉप पलीकडे राहत होत्या.

गुरुवारी ते पावणेआठलाच डेपोच्या चौकशी खिडकीशी हजर झाले. सात नंबरवर काम करणाऱ्या महिला कंडक्टरची माहिती हवी आहे, असं त्यांनी सांगितलं. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता एक कागद सरकवला. "अर्ज करा. वर विषय लिहा."

त्यांनी लिहिलं, 'विषय: चौकशी'.

"हे मोघम झालं," कारकून म्हणाला. "कशाची चौकशी?"

हे वाक्य जावकसाहेबांनी स्वतः हजारदा म्हटलं असेल, पण खिडकीच्या या बाजूने ते कसं ऐकू येतं याचा त्यांना अंदाज नव्हता. त्यांनी 'चौकशी' खोडून 'टोपीबाबत' असं लिहिलं. कारकुनाने ते वाचलं. "हरवलेल्या वस्तूंची खिडकी पलीकडची," तो म्हणाला. पलीकडच्या खिडकीतल्या माणसाने टोपीचा रंग विचारला, कुठल्या तारखेला हरवली ते विचारलं, आणि टोपी हरवलेली नाही, अजून पुरी झालेली नाही, हे ऐकल्यावर खिडकी लावून घेतली.

"तुम्हीच का?" मागून आवाज आला.

ग्रंथपालबाई उंच, सडपातळ आणि चष्म्यावरून बघणाऱ्या असतील असं त्यांनी धरलं होतं. समोर एक बुटक्या, गुटगुटीत, पायात पळायचे बूट घातलेल्या बाई उभ्या होत्या. त्यांच्या काखेतल्या पिशवीतून सुया डोकावत होत्या. "मला वाटलं होतं तुम्ही आडवेतिडवे असाल," त्या म्हणाल्या. "पत्रं तशी असायची." मग खिडक्यांकडे न बघता त्या सरळ उभ्या बसपाशी गेल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "टोपी विणते ती कंडक्टर कुठली हो?"

"ती काय, समोरची गाडी. सुटतेच आहे. पळा."

पळता पळता बाई म्हणाल्या, "पुस्तक यादीत सापडलं नाही की मी शिपायाला विचारायचे." जावकसाहेबांना धाप लागली होती, नाहीतर त्यांनी यादीची बाजू मांडली असती.

कंडक्टर तिशीची, खांद्याला पिशवी, कानामागे पेन. "तिकीट?"

"टोपी कुठे आहे?" जावकसाहेबांनी विचारलं.

तिने दोघांना खालून वर पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी कलम सात," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "आणि हे आठ. बारा आम्ही दोघं."

कंडक्टरने पुढे केलेला तिकिटांचा गठ्ठा मागे घेतला. मग म्हणाली, "परत पाठवणारे तुम्हीच का?"

"मीच," जावकसाहेब म्हणाले. "माफी मागायला आलोय. आणि टाके उचलायला."

"आधी तिकिटं घ्या," ती म्हणाली.

त्यांनी तिकिटं घेतली. पहिल्या सिग्नलला तिने आपल्या सीटखालून डब्याची पिशवी काढली आणि डब्याशेजारून टोपी. निळी, दाट लोकर. खालचा काठ झकास जमला होता. त्याच्या वर मात्र एके ठिकाणचे टाके सुटून आठ ओळी शिडीसारख्या उघड्या पडल्या होत्या. "आईने काठापर्यंतच शिकवलं होतं," ती म्हणाली. "पुढचं शिकवायला ती राहिली नाही. विकतची आणली तर बाबांना टोचते. ऑपरेशनला घाबरलेत ते, पण बोलतात थंडीबद्दल." एवढं बोलून ती पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला गेली.

ग्रंथपालबाईंनी क्रोशाची सुई काढली आणि पहिला टाका उचलला. बस सुटली. बाईंनी डोळे मिटले. "मला चालत्या गाडीत वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "विणताही येत नाही, असं आत्ता कळतंय." चेहरा पांढरा पडला होता. म्हणून मग अशी वाटणी झाली: बस थांबली की बाई, चालायला लागली की साहेब. प्रत्येक स्टॉपला टोपी इकडून तिकडे जायची. खड्डा आला की चार सुयांपैकी एखादी शेजारच्या प्रवाशाच्या रोखाने निघायची. दुसऱ्या खड्ड्यानंतर तो आपण होऊन उभा राहिला. साहेबांची बोटं आधीच आखडलेली, त्यात जबाबदारीचं दडपण. टाके इतके आवळले जात होते की सुई करकरत होती.

"अहो, टोपी आहे ती. पोतं शिवताय का?" बाई म्हणाल्या.

"तुमच्या टाक्यांतून वारा जाईल," साहेब म्हणाले.

"त्या सहाव्या पायरीला टाके मागच्या बाजूने उचलायचे असतात, एवढंच. मी त्या दिवशीच सांगणार होते. पण मधे ते वर-खाली आलं."

कंडक्टर परत आली होती. "तुमचं भांडण होतं कशावरून?" तिने विचारलं. दोघांनी सांगायला सुरुवात केली. आपण काय सांगतो आहोत ते कानावर पडलं तसे दोघेही हळू बोलू लागले, पण बसने ऐकायचं ते ऐकलं होतं. "वरच लिहिलं पाहिजे," भाजीची पिशवी घेतलेल्या एक बाई म्हणाल्या. "माझ्या जाऊबाई आधी सगळे बरे आहेत असं लिहितात, मग कोण पडलं ते." "छे, खाली," दाराशी उभा असलेला वकिलाचा कारकून म्हणाला. "आधी तक्रार, मग जबाब." कॉलेजातली एक मुलगी म्हणाली की लिहायचंच कशाला, बोलून पाठवावं. त्यावर मागच्या सीटवरून दोघं एकदम तुटून पडले. "मला आरशात सगळं उलटंच दिसतं," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यालाही एकजण म्हणाला की मग तुम्ही वरचे. मधल्या एका स्टॉपला उतरायचं राहून गेलेली दोन माणसं ओरडायला लागली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

"जरा गप्प बसता का सगळे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "टाके मोजतेय."

त्या आवाजापुढे बस गप्प झाली. वाचनालयं का शांत असतात ते जावकसाहेबांना तेव्हा कळलं.

तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत टोपीचा शेंडा आवळून साहेबांनी धागा आत ओवला. बाईंनी तो दातांनी तोडला. कंडक्टरने टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून ड्रायव्हरच्या आरशात पाहिली. एका कानावर जरा जास्त येत होती. "चालेल," ती म्हणाली, टोपीची घडी करून डब्याशेजारी ठेवली, आणि घंटी मारण्याआधी क्षणभर दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून गेली.

घरी आल्यावर जावकसाहेबांनी नियमावली मागे घेत असल्याचं मेट्रनबाईंना कळवलं आणि पासवर्ड परत केला. मेट्रनबाईंनी उत्तर दिलं, 'बरं. मी नवव्या कलमाला झोपले होते. बाकी कुणी तिथपर्यंतही गेलं नसावं.' त्रेचाळीस कलमांच्या कर्त्याला हे थोडं लागलं. त्या दुपारी त्यांनी मोज्याची टाच वळवली, आणि ती वळली.

बारा दिवसांनी मंडळाला एक पत्र आलं. विषय कोरा होता. कंडक्टर पुन्हा सभासद झाली होती, पण पत्र तिचं नव्हतं.

'मी तिचे वडील. ऑपरेशन चांगलं झालं, घरी आलो. टोपी दिवसभर डोक्यावर असते. मी चाळीस वर्षं शिंपी होतो, त्यामुळे मुलगी काही म्हणाली तरी मला टाका कळतो. काठ तिचा आहे. वर दोन परके हात आहेत, थोडा घट्ट, थोडा सैल, असे आलटून पालटून. घट्ट हात फार चांगला आहे. ज्यांचे असतील त्यांनी कळवावे, म्हणजे आभार मानता येतील.'

जावकसाहेबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मग बायकोला हाक मारून तिला मोठ्याने वाचून दाखवलं. खाली, वर आणि मधे मिळून एकतीस जणांनी आनंद कळवला होता. सगळ्यांच्या आधी ग्रंथपालबाईंचं पत्र होतं. 'घट्ट हात माझा,' त्यांनी लिहिलं होतं.

"हे काय?" बायको म्हणाली. "सैल त्यांचा ना? तुम्हीच सांगितलंत, वारा जाईल म्हणून."

जावकसाहेबांनी कीबोर्ड ओढला. बस चालू असताना कोण विणत होतं, थांबल्यावर कोण, कुठल्या स्टॉपला कोणती ओळ झाली, हे त्यांनी क्रमवार लिहून काढलं. चांगल्या अकरा ओळी झाल्या. त्या त्यांनी वाचल्या, एकेक करून पुसल्या, आणि लिहिलं, 'सैल हात माझा. बोटं अजून सुधारत आहेत.'

बायकोने ते वाचलं. त्यांनी पाठवायचं बटण दाबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग चहा टाकायला आत गेली, आणि थोड्या वेळाने आतून तिचा शीळ घालण्याचा, न जमणारा, प्रयत्न ऐकू येऊ लागला.